झेंड्याच्या दिवसाची हजेरी

मालतीबाई देशमुख. तू कुणामुळं शिकलास, असं कुणी विचारलं की आईबापाच्या आधी हेच नाव माझ्या तोंडी येतं आणि मग मी जीभ चावतो, कारण मला शिकवायला माझ्या आईनं काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी पुढच्या वेळी पुन्हा तुमचंच नाव येतं.

बाई, तुम्ही जाऊन तेरा दिवस झाले. मला एका जागी बसवत नाही. वर्गात फळ्यासमोर उभा राहतो आणि काय लिहायला खडू घेतला ते आठवत नाही. घरी येऊन चहा ठेवतो, तो आटून जातो. बायको म्हणते, बाईंचं वय झालं होतं, एवढं काय लावून घेता. तिला कसं सांगू, हे नुसतं दुःख नाही. दुःख असतं तर रडून मोकळा झालो असतो.

तुम्ही जाण्याच्या आठ दिवस आधी मी तुम्हाला एक पत्र टाकलं होतं. सोळा वर्षं तुमच्या समोर बसून जे विचारायची माझी हिंमत झाली नाही ते त्यात लिहिलं होतं. ते पाठवायला हवं होतं की नको, एवढ्याच प्रश्नावर मी आज अडलोय. माझ्याकडून तुम्ही ऐकलेलं शेवटचं तेच. एखाद्या गोष्टीतल्या माणसानं असं पत्र पाठवलं असतं, तर तुम्ही पुस्तक मिटलं असतं आणि आम्हाला म्हणाल्या असत्या, "हं. बसा आपापल्या बाजूला."

आमच्या गावची शाळा तीन खोल्यांची. तुम्ही सेलूहून वालूरपर्यंत बसनं यायच्या आणि तिथून तासभर पायी, नाहीतर वाटेत मिळाली तर कुणाच्या बैलगाडीत. चपला हातात घेऊन, पदर खोचून, चिखलातून येणारी बाई म्हणून गावातल्या बायका तुमच्याकडं दारातून बघायच्या. आमच्या बौद्ध वस्तीतली अकरा पोरं दाराजवळ बसायची. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही आपणहून बसायचो. पाटलाकडची, वाण्याकडची पोरं खिडकीकडं, जिथं वारा यायचा.

तुम्ही पहिल्या आठवड्यात गोष्ट वाचायला घेतली. पुराची होती. मेंढ्या राखणारा गडी नदीकाठी असतो, पाणी चढताना त्याला दिसतं. मेंढ्या हाकलून टेकडीवर न्याव्यात की आधी गावात पळत जाऊन सांगावं? तिथं तुम्ही पुस्तक मिटलं. आम्हाला वाटलं तास संपला. तुम्ही म्हणालात, "तो गावात पळाला. मेंढ्या वाहून गेल्या. ज्याला हे पटलं तो खिडकीकडं बसेल, ज्याला नाही पटलं तो दाराकडं. उठा."

कुणीच उठेना. मग पाटलाचा गोविंद दाराकडं आला. त्याला पटलं नव्हतं. आणि मी खिडकीकडं गेलो, कारण मला पटलं होतं. खिडकीखाली मी पहिल्यांदा बसलो तो दिवस तो. तुम्ही लगेच कारणं विचारायला लागलात, जणू माणसं नेहमी अशीच बसतात.

"मेंढरं दुसऱ्याची होती बाई," गोविंद म्हणाला. "त्येच्या बापाची होती का? मालकानं मारलं असतं त्येला."

"अन् गाव बुडालं असतं तर तुज्या मालकासकट बुडालं असतं की!" मी म्हणालो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मलाही माझा आवाज नवा वाटला.

मागून कुणीतरी विचारलं, "बाई, मेंढरं पवतेत का?" वर्ग हसून लोटपोट झाला. तुम्ही हसला नाहीत. "उद्या धनगराला विचारून ये," म्हणालात. तो खरंच विचारून आला. थोडं पोहतात, पण लोकर भिजली की बुडतात. त्या उत्तरानं दोन पोरं उठून बाजू बदलून बसली.

तुमचे नियम होते. बाजू बदलता येते, पण कुणाच्या बोलण्यानं बदलली ते सांगायचं. 'तो वाईट आहे' हे कारण चालणार नाही, तुम्ही म्हणायच्या, "ते कारण नाही, शिवी आहे." आणि सगळ्यात मोठा नियम: आधी घडलं ते घडलं तसं सांगायचं, त्यात मीठमिरची घालायची नाही, आणि मग कारण. आधी घडलेलं, मग कारण. राणीनं राजपुत्राला वनात पाठवलं, सावकारानं गाय सोडली, भावानं भावाला ओळख दिली नाही. सगळ्यांना आम्ही असंच तपासलं. आमच्या घरात निर्णय कधी आमचा नसायचा. मालक ठरवायचा, पाऊस ठरवायचा, बाप मान हलवायचा. माणूस ठरवतो आणि ठरवल्याचा जाब त्याला विचारता येतो, हे मला तुमच्या त्या अर्ध्या तासात कळलं. पुढं परभणीला कॉलेजात मी बोलायला उभा राहिलो तेव्हा मला कारण सांगता येत होतं.

तुम्ही आलात त्याच वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या वस्तीवर भरदिवसा दगड आले. दोन घरं जळाली, त्यातलं एक माझ्या चुलत्याचं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी सेलूला आलो, गाडी धरली आणि पूर्णेला मामाकडं गेलो. मामा रेल्वेत गँगमन होता. त्याच्या एका खोलीत आम्ही चौदा जण महिनाभर राहिलो. त्या जमावात तुमच्या सोयऱ्यांपैकी कुणी होतं, असं नंतर कानावर आलं. ते आपण कधीच बोललो नाही. आजही मी एवढंच लिहून पुढं जातो.

परत आलो तेव्हा वाटलं होतं, शाळेतून नाव कमी झालं असेल. तेवढे दिवस सलग गैरहजर राहिलं की नाव कमी होतंच. माझं सातवीचं वर्ष होतं, कमल, माझी धाकटी बहीण, पाचवीत. पण तुम्ही हजेरीपट उघडला आणि नाव घेतलंत, "सुदाम." मी "हजर" म्हणालो. अकराही नावं होती. तुम्ही काही सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटलं, शाळा अशीच असते, थांबून राहते.

नंतर, चौकशी होऊन गेल्यावर कळलं की महिनाभर तुम्ही रोज आमच्या नावापुढं हजेरी भरत होतात. रिकाम्या दाराकडं बघून अकरा जणांची हजेरी.

कुणीतरी वर कळवलं. विस्तार अधिकारी मोटारसायकलवरून आले. तुम्हाला हेडमास्तरांच्या खोलीत बसवलं आणि ते वर्गात आले. जाड चष्मा, हातात वही. त्यांनी मलाच का उठवलं? मी पहिल्या रांगेत होतो म्हणून. तुमच्याच वर्गात मी मागून पुढं आलो होतो.

"नाव काय तुझं?"

"सुदाम."

"पंधरा ऑगस्टला झेंड्याला शाळेत होतास का?"

बाई, मी घाबरलो नव्हतो. हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. मला ते तुमच्या तासासारखंच वाटलं. मोठा माणूस विचारतोय, म्हणजे आधी घडलं ते घडलं तसं सांगायचं.

"न्हवतो सायब. पूर्णेला मामाकडं होतो."

आणि मी कारण सांगायला श्वास घेतला. "कारण..." एवढं तोंडातून गेलंही. साहेब लिहीत होते. वर न बघताच म्हणाले, "बस खाली. एवढं पुरे." वही मिटली आणि ते गेले.

त्या कारणात मी काय सांगणार होतो ते मला अजून पाठ आहे. आम्ही शाळेत नव्हतो, कारण आम्हाला गावात राहता येत नव्हतं. आणि आमची नावं अजून पटावर होती, कारण आम्ही परत येणार हे गावात फक्त बाईंनी धरून ठेवलं होतं. एवढीच दोन वाक्यं. साहेबांनी आणखी थोडा वेळ दिला असता तर झाली असती.

तुम्ही वर्गात आलात. "काय विचारलं रे?"

"झेंड्याला होतो का म्हणले."

"मग?"

"घडलं ते सांगितलं."

"आणि कारण?"

"ते ऐकायला थांबले न्हाईत बाई."

तुम्ही फळा पुसलात. स्वच्छ होता, तरी पुन्हा पुसलात. मग भूगोल काढायला सांगितलंत.

दिवाळीनंतर तुम्ही आला नाहीत. बदली येलदरीला झाली होती. जाण्याआधी तुम्ही आमचे पुन्हा दाखल करण्याचे अर्ज स्वतःच्या हातानं भरून ठेवले होते, कारण साहेबांच्या वहीनंतर अकराही नावं कमी झाली होती. बापांनी येऊन अंगठे तेवढे द्यायचे होते. दहा अर्ज झाले. अकरावा कमलचा होता. आमचा बाप म्हणाला, "एकदा गेलंय तर जाऊंद्या पोरीचं. घरी काम लय हाय." मी तिथंच उभा होतो. वर्गात सावकाराला जाब विचारणारा मी, बापापुढं गप्प.

म्हणजे माझ्या एका खऱ्या वाक्यानं तुमची शाळा गेली आणि कमलची पण. हेच घेऊन मी तुमच्याकडं येत राहिलो. दहावी झालो तेव्हा आलो, बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन आलो. येलदरी धरणाच्या वसाहतीत तुमचं क्वार्टर होतं. तुम्ही भाकरी आणि धरणातल्या मासळीचं कालवण वाढायच्या आणि म्हणायच्या, "मासळी साफ करायला शिकले हे आमच्या सासूबाईंना कळवू नकोस रे, त्या अजून जिवंत आहेत." मी हसायचो, आणि ताट उचलता उचलता विचारायचो, "बाई, मी चुकलो का?"

"तू कुठल्या बाजूला बसतोस?"

दर वेळी हेच. एकदा मी चिडलो. आवाज चढला माझा. "बाई, हा धडा न्हाई. माझ्या बहिणीची शाळा गेली. तुम्हाला इथं यावं लागलं. तुम्ही एकदा काय ते सांगून टाका की!"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. मग म्हणालात, "धडा नाही म्हणूनच विचारते."

मी त्या दिवशी शेवटची बस धरायची म्हणून लवकर उठलो. बसला अजून वेळ होता. हे तुम्हालाही माहीत होतं.

बाई, मला वाटायचं, तुम्ही 'चुकलास' म्हणालात तर बरं होईल. शिक्षा झाली की सुटका तरी होते. 'चुकला नाहीस' म्हणालात तरी चाललं असतं. तुम्ही दोन्ही दिलं नाहीत आणि मी त्याला तुमचा कठोरपणा समजत आलो. आता मी स्वतः मास्तर झालोय, पूर्णेला. तुमच्यासारखाच गोष्ट मध्येच थांबवतो, पोरांना उठवून दोन बाजूंना बसवतो. पोरं माझ्या तोंडाकडं बघतात, सरांना कुठलं उत्तर पाहिजे ते शोधतात. तेव्हा कळतं, चेहरा कोरा ठेवायला किती बळ लागतं. आणि लगेच दुसरा विचार येतो, की तुम्ही माझ्यापुढं चेहरा कोरा ठेवलात तो मला विचार करता यावा म्हणून, की तुम्हालाही उत्तर सापडलं नव्हतं म्हणून? हा विचार मी तुमच्यापुढं कधी मांडला नाही. मांडला असता तर तुम्ही रागावला नसता. मग का नाही मांडला? तुम्ही होतात तेव्हा वेळ होता.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. वस्तीवर पोरं नाचली, मीही नाचलो. माझ्या पदवीच्या कागदावर जुनं नाव आहे, ते तसंच राहील. त्याच आठवड्यात कमल पोरांना घेऊन घरी आली होती. टीव्हीवर बातमी लागली, खाली अक्षरं येत होती. ती ती एकेक जुळवून वाचत होती. तिचं वाचून होईपर्यंत पुढची पाटी आली. ती हसून म्हणाली, "दादा, हे लय पळायलंय." मी उठून बाहेर गेलो. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी मेंढ्यांची गोष्ट बाजूला ठेवून आपलीच गोष्ट सांगितली. त्याचं जे झालं ते मी तुम्हाला पत्रात लिहिलं.

तुमच्या घरी परभणीला आलो तेव्हा अंगणात मांडव अजून होता. तुमच्या मुलीनं, रेखाताईंनी, मला ओळखलं. म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं होतं. आईला आता दिसत नव्हतं ना, मीच वाचून दाखवलं."

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"परत वाच म्हणाली. दोनदा वाचलं."

"चिडल्या का?"

त्यांनी आठवून बघितलं. "चिडली असं नाही वाटलं. पण हसलीही नाही. मग विचारलं, ती पोरगी कितवीत आहे? पत्रात बघितलं मी, तसं लिहिलेलं नव्हतं."

सातवीत, बाई. माझ्या वर्गातली ती नसरीन सातवीत आहे.

तुम्ही ते का विचारलंत? मी जेवढा होतो तेवढीच ती आहे का, हे बघायला? की नुसतं एका मास्तरणीला सुचतं तसं? घरी येताना गाडीत मी हेच उलटसुलट करत बसलो. एक मन म्हणतं, ज्या माणसानं सगळं आयुष्य पोरांना जाब विचारायला शिकवलं, त्याला जाब विचारल्यावर आनंदच झाला असेल. दुसरं मन म्हणतं, डोळे गेलेल्या म्हातारीला दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकावं लागलं, एक परीक्षा घेतल्यासारखं. कमलला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईला कशाला लिव्हलास असलं? मी कधी काय म्हणले का?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "पर खरं हाय ते." तिनं दोन्ही बाजूंना बसून घेतलं.

पत्राची नक्कल मी ठेवली होती. रेखाताई मूळ पत्र देत होत्या, मी घेतलं नाही, ते तुमचं आहे. ही नक्कल खाली उतरवतोय. माझ्या बाजूनं मी यात काही वाढवलं नाही आणि काही गाळलंही नाही.

पूर्णा

आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

हे पत्र रेखाताई वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही नमस्कार. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी ठरलं ते कळवा.

बाई, मी माझ्या वर्गात आपल्या हजेरीची गोष्ट सांगितली. तुम्हाला न विचारता सांगितली, त्याबद्दल आधीच माफी. नावं बदलली होती. दंगल काढून तिच्या जागी पूर घातला होता, पोरं लहान आहेत, त्यांच्यात दोन्हीकडची आहेत म्हणून. बाईंनी खोटी हजेरी लावली, पोरानं साहेबांना खरं सांगितलं, इथं थांबलो. मग म्हणालो, बसा बाजूला.

कुणी उठायच्या आत नसरीन नावाची मुलगी बोलली. "सर, पूर आलता तर साहेब चौकशीला कशाला येतेत? पुराची तर सुट्टीच देतेत." सगळे हसले. मी पकडला गेलो. खडू खाली ठेवला आणि घडलं तसं सांगितलं, दगड, जळालेली घरं, गाडी, मामाची खोली. तो पोरगा मीच, हे सांगितलं नाही. पण एकानं विचारलं, "सर, तुमची ती बहीण आता काय करती?" म्हणजे त्यांना कळलं होतं.

मग पोरं बसली. पोरगा बरोबर म्हणणारे खिडकीकडं, चुकला म्हणणारे दाराकडं. खूप भांडले. नसरीन मध्येच उभी. मी म्हणालो, तू बस. ती म्हणाली, "सर, त्या पोरानं काही ठरवलंच न्हाई. त्याला म्हाईतच न्हवतं हजेरी लागली म्हणून. ठरवलं बाईनं एकटीनं. चांगलं ठरवलं. पर पोरांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर तो खरं बोलला असता का खोटं, ते त्याचं त्यानं ठरवलं असतं."



तिच्या तोंडचं लिहितोय, पण तिच्या आड लपत नाही. हे माझंही म्हणणं आहे. ती बोलली तेव्हा मला कळलं, की मी इतकी वर्षं तुमच्याकडं येऊन चुकीचा प्रश्न विचारत होतो. मी चुकलो का, हे विचारत होतो. विचारायचं हे होतं की गोष्टीतल्या राणीबद्दल आणि सावकाराबद्दल तुम्ही आम्हाला विचारलंत, मग आमच्याबद्दल का नाही विचारलंत? आम्हाला पेलणार नाही असं वाटलं का? आम्ही घाबरू असं वाटलं का? की तुम्हीच घाबरला होतात? घाबरला असाल तर तसं सांगा, मला ते कमीपणाचं वाटणार नाही. तुम्ही ती हजेरी लावली नसती, ते अर्ज भरले नसते, तर हे पत्र लिहायला मी नसतो, हे मला कळतं. ते कळूनही विचारतोय. विचारायला तुम्हीच शिकवलंत.

मी नसरीनला म्हणालो, मग तुझी बाजू कोणती? ती म्हणाली, "मी कुठंच बसत न्हाई. बाई काय म्हणतेत ते ऐकल्याबिगर कसं बसू?" तिचं ऐकून आधी दोघं उठले, मग सगळेच. तास संपेपर्यंत उभे होते. आता रोज विचारतात, सर, बाई कधी येणार.

तर बाई, तुम्ही या. मी परभणीला घ्यायला येतो, गाडीत खिडकीची जागा धरतो, एका दिवसात परत आणून सोडतो. दिसत नाही म्हणून अवघडू नका. पोरं मोठ्यानं बोलतात.

तुमचा विद्यार्थी,
सुदाम